माश्या, फवारणी आणि आपला उकिरडा

परवा ग्रामसभेत पुन्हा तोच विषय, पोल्ट्रीच्या माश्या. जेवताना एक हात ताटावर फिरवत बसावं लागतं, हे खरंच आहे. मागणीही नेहमीचीच: "फवारणी करा!"

मंडळी, फवारणी आपण दरवर्षी करतोच की. दोन दिवस बरं वाटतं, आठवड्यात परत तेच. औषध लागतं उडणाऱ्या माशीला. पुढची पिढी खताच्या ढिगात कोषात बसलेली असते. उन्हाळ्यात अंड्यापासून माशी व्हायला जेमतेम ८-१० दिवस लागतात.

या कोषांवर उपाय आहे. स्पॅलांजिया, मस्सिडिफ्युरॅक्स हे २-३ मिलिमीटरचे मित्रकीटक कोषाला भोक पाडून आत अंडं घालतात. त्यांची अळी माशीला आतल्या आत खाते. माणसाला, कोंबडीला त्रास नाही. उसात खोडकिड्यासाठी आपण ट्रायकोकार्ड लावतो ना, तसंच. ते किडीच्या अंड्यावर, हे माशीच्या कोषावर.

पण ही जादू नाही. यांची वाढ माशीपेक्षा हळू, म्हणून पुन्हा पुन्हा सोडावे लागतात. ढिगावर फवारलं की तेही मरतात. आणि खत ओलं राहिलं, तर माशीच जिंकते.

सभेत एवढं बोलून मी घरी आलो, तर आमच्याच गोठ्यामागचा उकिरडा ओलाकच्च! पोल्ट्रीवाल्याला बोलताना हे डोक्यातच नव्हतं. उद्या आधी तोच उपसतोय. तुम्हीही आपापला बघा. मग पुढच्या सभेत पोल्ट्रीवाल्याकडे ताठ मानेनं कोरडं खत मागू.