साडेतीन टप्पे

एसटीचं भाडं टप्प्यावर ठरतं आणि एक टप्पा सहा किलोमीटरचा असतो, हे मला पन्नाशी जवळ आल्यावर कळलं. जन्म एसटीत गेला म्हणावं इतका प्रवास केलेला, पण हा हिशेब कधी मनात आला नव्हता. सांगणारे गृहस्थ एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला नाव द्यावं की नाही, या घोळात मी तेव्हा होते. एकवीस किलोमीटर हा आकडा ऐकूनच पोटात गोळा यायचा. हे काका म्हणाले, "एकवीस कशाला म्हणताय? साडेतीन टप्पे म्हणा. कोरेगाव आलं आणि जरासं पुढं. त्यात भ्यायचं काय वो, ताई?"

अर्ध्या मॅरेथॉनचं नेमकं अंतर २१.०९७५ किलोमीटर. म्हणजे साडेतीन टप्पे आणि वर साडेसत्त्याण्णव मीटर. पुढे माझ्या डोक्यात पूर्ण मॅरेथॉन शिरली तेव्हा त्यांनी तोही हिशेब मांडला : ४२.१९५ म्हणजे बरोबर सात टप्पे आणि १९५ मीटर. हे शेपूट आलं कुठून, ते मी वाचून त्यांना सांगितलं. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू केली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनांसमोर संपवली, त्यातून हे अंतर निघालं. १९२१ साली तेच कायम झालं. काकांना हे मुळीच पटलं नाही. "राजाच्या सोयीसाठी सगळ्या जगानं जादा पळायचं? आमच्यात टप्पा ओलांडला की पुढच्या टप्प्याचे पैसे पडतात. खरं तर तुमचे आठ झाले. जाऊ दे, वरचं सूट."

या माणसाचं माझ्यावर ऋण आहे. ते नेमकं कशाचं, हे सांगायला मात्र वेळ लागेल. कारण धावायला त्यांनी मला शिकवलं नाही. त्यांना स्वतःलाच एका टप्प्याच्या वर धावता येत नसे.

लेक शिकायला पुण्याला गेली आणि पहाटेचा डबा बंद झाला. झोप तरीही पाचलाच मोडायची. मग 'चार भिंती' स्मारकापर्यंत चालायला जाऊ लागले. साताऱ्यात पूर्वी पहाटे धावणारा पोरगा दिसला की तो भरतीची तयारी करतोय, हे ठरलेलं. फौजेची नाहीतर पोलिसांची. २०१२ साली हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली, २०१५ मध्ये डोंगरावरच्या शर्यतीतल्या सर्वाधिक धावपटूंसाठी तिची गिनेसमध्ये नोंद झाली, आणि मग डॉक्टर, दुकानदार, वकील, मास्तर असे सगळेच रस्त्यावर आले. आपल्याच जिल्ह्यातली, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली, तेव्हा तर घराघरात आईबापांनी पोरींना हाका मारून टीव्हीपुढे बसवलं. तरीही माझ्या वयाची बाई ट्रॅकपँट घालून धावताना दिसली की एखादा आजोबा विचारायचाच, "कुठली भरती?"

चालता चालता मीही अशाच धावणाऱ्यांच्या एका गटात शिरले. आमचा गट पोवई नाक्यावर जमायचा. नाव नव्हतं, वर्गणी नव्हती, कोच नव्हता. काका तपकिरी कॅनव्हासचे बूट घालून यायचे. सगळे आले का हे मोजायचे आणि तोंडाने "टिंग टिंग" करायचे. ही डबल बेल. त्याआधी कुणी निघालं तर त्यांना खपायचं नाही. कुणाच्या बुटाची नाडी सुटली तर एकच "टिंग", की सगळे जागेवर थांबलेच पाहिजेत. शहाणीसुरती, कमावती माणसं ही बेल निमूट पाळायची. मीही.

खरा कार्यक्रम मात्र धावून झाल्यावर असे. चहाच्या टपरीवर काका पिशवीतून दोनशे पानी वही काढायचे आणि म्हणायचे, "चला, वेबिल भरा." कंडक्टरला कुठल्या थांब्यावर किती माणसं, कोणत्या टप्प्यापर्यंत कितीचं तिकीट, हे सगळं वेबिलावर मांडावं लागायचं, हिशेब जुळेपर्यंत सुटका नसायची. आमचंही तसंच. आधी अंतर आणि वेळ, मग कुठे दुखलं, मग रस्त्यात काय घडलं. मोघम उत्तर चालायचं नाही. "बरं झालं आज" म्हटलं की पेन हवेत थांबायचं. "बरं म्हंजे? समर्थ मंदिरापर्यंत बरं का वर बोगद्यापर्यंत?" मग आठवावं लागे. बोगद्यापाशी श्वास लागला होता. तिथे एक ट्रक धूर सोडत गेला होता. मला राग आला होता आणि रागाच्या भरात मी पुढचा चढ न थांबता काढला होता. हे सगळं वहीत जायचं. माझा राग वहीत लिहून ठेवणारा तो पहिला माणूस.

आता मोबाइल सगळं मोजतो. नकाशा, चढउतार, हृदयाचे ठोके. स्ट्राव्हावर टाकलं की पाच मिनिटांत ओळखीचे-अनोळखी अंगठे उठतात. मीही टाकते, खोटं कशाला बोलू. पण अंगठ्याला पुढचा प्रश्न नसतो.

त्या वहीतून त्यांना आमचे गुणदोष दिसायचे. एकदा मागची पानं उलटत म्हणाले, "ताई, तुमचा दुसरा टप्पा दर वेळी पडतो. पहिल्यात गडबड करता. स्टँडमधून सुसाट निघणारा ड्रायव्हर घाटात गाडी गरम करतो." धावण्याच्या पुस्तकांत हीच गोष्ट फार कष्टाने समजावलेली असते : सुरुवात हात राखून करा, शरीरातला ग्लायकोजेनचा साठा पहिल्याच तासात उधळू नका. शेजारच्याशी पुरं वाक्य बोलता आलं तर वेग बरोबर, शब्द तुटू लागले तर जास्त, हेही पुस्तकांत असतं. काका आमच्या मागून धावत मोठ्याने विचारायचे, "काल जेवायला काय होतं?" ज्याला भाजीचं नाव पुरं सांगता आलं नाही, त्याला मंद व्हावं लागे.

पावसाळ्यात सराव यवतेश्वरच्या घाटात. शर्यतीचा मार्गही तोच. शहरातून निघायचं, समर्थ मंदिर मागे टाकून घाट चढायचा, कासच्या रस्त्याने वळण्याच्या जागेपर्यंत जायचं आणि त्याच रस्त्याने खाली यायचं. चढाची सगळ्यांना भीती असते, आणि ती तशी खोटी नाही. पाऊल आखूड, नजर चार हात पुढे, हात जरा जास्त हलते, एवढं जमलं की चढ निघतो. माझ्या मते खरा दगा उतार देतो. खाली येताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा वेग आवरत असतात. त्यांच्यात बारीक इजा होते आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. पहिल्या मोठ्या सरावानंतर मी दोन दिवस जिना उलटी उतरत होते. काकांनी वहीत लिहिलं : "उतारात ब्रेक फार. टाच मारते." पुढच्या रविवारी त्यांनी मला सांगितलं की खाली बघायचं नाही, पावलं भराभर टाकायची. घाटात धुकं इतकं की तसंही खालचं काही दिसत नव्हतं.

घरी यातलं कुणाला ऐकवायचं? नवरा मायाळू आहे, पण तिसऱ्या किलोमीटरला त्याची नजर पेपरकडे वळते. मैत्रिणींना वजन किती उतरलं एवढंच हवं असतं. सासूबाईंनी माझं धावणं कधी विषयच केलं नाही. पण पावसात भिजलेले बूट मी दाराशी काढले की तासाभरात त्यात दैनिक 'ऐक्य'च्या जुन्या अंकांचे बोळे कोंबलेले असत आणि बूट पाण्याच्या बंबाशेजारी पोचलेले असत. त्यांचंही ऋण आहेच. त्यावर बोललेलं त्यांना आवडत नसे, म्हणून इथेच थांबते.

हौशी धावणाऱ्याची गंमत अशी की त्याचं धावणं कुणाच्याच कामाचं नसतं. नंबर येणार नाही, नोकरीत बढती नाही, जिल्ह्याचं नाव होणार नाही. पुढे शेकडो, मागे शेकडो, मध्ये कुठेतरी आपण. अमक्या चढावर आज चाललो नाही, धावलोच, ही केवढी मोठी बातमी असते! पण ती बातमी घेणारा माणूस लागतो. तो नसेल तर दोन-चार महिन्यांत बूट माळ्यावर जातात. मी असे कितीतरी बूट गेलेले पाहिले. माझे गेले नाहीत ते रविवारी सकाळी एक माणूस पेन उघडून बसलेला असायचा म्हणून.

मी एकदा विचारलं, "काका, तुम्हाला कंटाळा येत नाही का हो, तेच तेच ऐकायचा?" तर म्हणाले, "उलट आहे ताई. एसटीत माणूस शेजारच्याला सांगत असतो. भावकीचं, कोर्टाचं, पोरीच्या लग्नाचं. मी तिकिटं फाडत निम्मं ऐकतो. रंगात येतं आणि त्याचं गाव येतं. उतरून जातो. पुढं काय झालं ते राहतंच. जन्मभर असल्या अर्ध्या गोष्टी ऐकल्या. तुमची कशी, डोंगरावर जाऊन परत येईपर्यंत पुरी असते."

माझी पहिली हिल हाफ झाली तेव्हा काका घाटात उभे होते. हातात तांब्या आणि खिशात मीठ-साखरेची पुडी. ढोल वाजत होते, शाळेची पोरं टाळ्यांसाठी हात पुढे करून उभी होती, आणि त्या गलक्यात काका ओरडले, "दुसरा टप्पा संपला! पडला नाही!" हे ऐकून आजूबाजूच्या धावणाऱ्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना धावण्याचे चांगले बूट घेतले होते. उपकार फेडायचा हा आपला सोपा मार्ग. त्यांनी ते आनंदाने घेतले आणि पुतणीच्या लग्नात घातले. धावायला पुन्हा कॅनव्हासच. "एवढे भारी बूट रस्त्यावर झिजवायचे?" यावर कुणाला उत्तर सुचलं नाही. पदक द्यायला गेले तर हातात तोलून परत केलं. त्यांना हवं होतं ते वेबिल.

मुंबईला पूर्ण मॅरेथॉन धावून आले, तेव्हा ते भरायला अख्खी दुपार गेली. तपशील आणायचे म्हणून मी धावताना बघत राहिले होते, हे कबूल करते. सीएसएमटीसमोरून अंधारात सुटलेली ती हजारोंची रांग. मरीन ड्राइव्हवर बुटांचा एकसारखा आवाज. एरवी पायी पाऊल टाकायला बंदी असलेला वांद्रे-वरळी सागरी सेतू, आणि त्यावर आडवा येणारा खारा वारा. माहीमला घरांपुढे संत्र्याच्या फोडी, चिक्की, बिस्किटं घेऊन उभी असलेली माणसं. त्यांतल्या एका आजींनी फोड हातात न देता थेट तोंडात घातली. आणि परतीच्या वाटेवर, अंगातलं सगळं संपल्यावर येणारा पेडर रोडचा चढ. सांगताना काकांनी तिथे मला अडवलं. "यवतेश्वरापुढं हे काय वो? त्याला चढ म्हणत्यात होय?" मी म्हटलं, सहावा टप्पा संपत आला होता काका, तिथे रस्त्यावरची पट्टीसुद्धा उंच वाटते. त्यांनी "पट्टी उंच" असं लिहून घेतलं. मग आजींकडे गेले. संत्रं गोड होतं का? नागपुरी का? आजी एकट्या होत्या का घरातली माणसं बरोबर होती? मला आठवेल तेवढं सांगितलं. आठवलं नाही तिथे त्यांनी जागा कोरी सोडली आणि पुढच्या वर्षी विचारून या म्हणाले.

आता त्यांचा गुडघा धावू देत नाही. टपरीवर मात्र वही घेऊन आमच्याआधी हजर असतात. आमच्यात एकच गोष्ट अजून मिटलेली नाही. मुंबईत शर्यत सुटल्याचा बार उडतो तेव्हा गर्दीतल्या मागच्या माणसाला सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोचायलाच कित्येक मिनिटं लागतात. म्हणून छातीवरच्या क्रमांकाला चिप असते. रेष ओलांडल्यापासून तुमची खरी वेळ ती मोजते. मी तीच धरते. काकांना ते मान्य नाही. "गाडी डेपोच्या घड्याळावर सुटते. तुम्ही फलाटावर कधी आलात, ते कोण विचारतंय?" मी म्हणते, "अहो, पण मी गाडीत चढलेच नव्हते!" दर जानेवारीत हे भांडण होतं. यंदा गटात नव्यानेच आलेल्या एका मास्तरांनी माझी बाजू घेतली, दहा मिनिटं उदाहरणांसकट समजावून सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि मास्तरांचं वेबिलही बार उडाल्याच्या वेळेनेच लिहिलं.