पाय न निघणारे रान

काही व्हिडिओ गेम संपतात तेव्हा जिंकल्याचा आनंद होत नाही. मुक्काम हलविल्याची हुरहूर लागते. २०१६ साली आलेला ‘फायरवॉच’ हा त्यांपैकी एक.

अमेरिकेतील वायोमिंग राज्यात शोशोनी हे १८९१ सालापासून राखलेले अफाट अरण्य आहे. शेजारच्या यलोस्टोनमध्ये १९८८ साली प्रचंड वणवे पेटले होते. त्यानंतरच्या उन्हाळ्यातील शोशोनीत हा खेळ आपल्याला नेतो. नायक हेन्री. पत्नीला अकाली स्मृतिभ्रंश जडलेला. ते दुःख मागे टाकून तो वणव्यांवर नजर ठेवण्यासाठी टेहळणीच्या मनोऱ्यावर राहावयास येतो. हाती नकाशा नि होकायंत्र. सोबतीला दूरच्या मनोऱ्यावरील डिलायलाचा वायरलेसवरून येणारा आवाज. चार-पाच तासांच्या खेळात पाऊलवाटा ओळखीच्या होतात, सांजेची केशरी उन्हे आपली वाटू लागतात.

मग रान पेटते. हेन्री डिलायलाच्या मनोऱ्यावर पोहोचतो, तो ती निघून गेलेली! भेट होतच नाही. हेलिकॉप्टर येते आणि खेळ संपतो. अखेरच्या नामावलीबरोबर, वाटेत सापडलेल्या कॅमेऱ्याने आपणच टिपलेली छायाचित्रे पडद्यावर येतात, आणि जीव गलबलतो.

पुढे या रानात कथेविना हिंडण्याची सोयही झाली. झाडे तीच, वाटा त्याच. तरी मन रमत नाही. पिढ्यांपूर्वी मूळ गाव सोडलेल्या आपल्या घराण्यांना हे का सांगावयास हवे? हाक मारणारे कोणी उरले नाही, की गावाचा नुसता नकाशा होतो.