आद्याक्षरांचे दार

नोकरीनिमित्त भोपाळ येथे राहणाऱ्या माझ्या भाच्याला हौशी रेडिओचा नाद आहे. परीक्षा देऊन त्याने रीतसर सरकारी परवाना मिळविला असून, रात्रीची जेवणे आटोपली की तो यंत्रासमोर बसतो आणि दूरदूरच्या अनोळखी माणसांशी बोलतो. गेल्या हिवाळ्यात त्याच्याकडे असताना हे संभाषण मी पुष्कळदा ऐकले. भाषा इंग्रजी, परंतु अर्थबोध होईल तर शपथ! ‘सीक्यू’, ‘क्यूटीएच’, ‘क्यूआरएम’ अशी अक्षरे कानी पडत आणि शेवटी ‘त्र्याहत्तर’ हा आकडा उच्चारून मंडळी निरोप घेत.

भाच्याने उलगडा केला. ‘सीक्यू’ म्हणजे ऐकणाऱ्या सर्वांना घातलेली साद, ‘क्यूटीएच’ म्हणजे ठावठिकाणा, ‘क्यूआरएम’ म्हणजे दुसऱ्या केंद्रांचा व्यत्यय आणि त्र्याहत्तर म्हणजे शुभेच्छा. ‘क्यू’ने सुरू होणारे हे संकेत १९०९ च्या सुमारास ब्रिटिशांनी तयार केले आणि १९१२ च्या लंडन परिषदेनंतर ते निरनिराळ्या राष्ट्रांच्या जहाजांवर रूढ झाले. भाषा भिन्न असली तरी तीन अक्षरांत एकाचे दुसऱ्याला कळावे, हा त्यांचा उपयोग. म्हणजे ही आद्याक्षरे मुळात दार उघडण्यासाठीच होती. नेपाळात गोदावरी येथे १९५१ साली शाळा उघडणारे येशूसंघीय धर्मगुरू फादर मार्शल मोरान याच छंदामुळे जगभरच्या हौशी मंडळींचे स्नेही झाले होते. १९९२ साली ते निवर्तले.

परंतु उघडणारे दार बंदही होते. शेजारचा एक शाळकरी मुलगा मोठ्या उत्साहाने भाच्याच्या मित्रांच्या बैठकीस गेला. एका शब्दाचा अर्थ त्याने विचारला तेव्हा काहीजण हसले. उत्तर कोणीच दिले नाही. मुलगा पुन्हा तिकडे फिरकला नाही. मंडळी दुष्ट नव्हती. आपल्याला जे ठाऊक ते सर्वांनाच ठाऊक असणार, असे ती धरून चालली होती.

भोपाळमध्ये असा विचार मनात आला की आणखी तीन अक्षरे आठवल्यावाचून राहत नाहीत. १९८४ सालच्या २ डिसेंबरच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे प्राणास मुकली. कारखान्यात त्याला ‘एमआयसी’ म्हणत. आत काम करणाऱ्यांच्या तोंडी ही अक्षरे रोजची होती. कुंपणापलीकडील वस्त्यांना मात्र त्यांचा अर्थ कोणी सांगितला नव्हता. संकटसमयी तोंडावर ओले फडके धरावे, एवढेही त्या बिचाऱ्यांना ठाऊक नव्हते. छंदाच्या बैठकीची या अनर्थाशी तुलना मुळीच होत नाही. तथापि जाणत्याने नेणत्याला अर्थ न सांगणे किती महाग पडू शकते, हे त्या नगरीइतके दुसरे कोण जाणते?

वाचकहो, आपल्या घराकडेही पाहू या. क्रुसावरच्या पाटीवर ‘आयएनआरआय’ ही चार अक्षरे आपण लहानपणापासून पाहत आलो. ‘नासरेथकर येशू, यहुद्यांचा राजा’ या लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरे होत, हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे? योहानाच्या शुभवर्तमानानुसार पिलाताने तो लेख इब्री, लॅटिन व ग्रीक अशा तीन भाषांत लिहविला होता आणि पुष्कळ यहुद्यांनी तो वाचला. म्हणजे मूळ लेख येणाऱ्याजाणाऱ्यांना वाचता येत होता. आज आपल्या घरात तो अबोल राहू नये.

आखूड शब्द वापरण्यात पाप नाही. पण आपल्या मंडळात, गायनवृंदात वा नव्या सुनेच्या देखत असा शब्द तोंडी आला, तर त्याचा अर्थ आपण होऊन सांगावा. विचारण्याचा संकोच पाहुण्याला पडतो. दार उघडण्याचे काम यजमानाचे आहे.