चतुराची चिठ्ठी

कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला ‘इन्सेक्ट बॉक्स’ द्यावा लागे. प्रत्येक किड्याला टाचणी, टाचणीला चिठ्ठी, कोपऱ्यात डांबरगोळी. परीक्षा जवळ आली की होस्टेलच्या खोल्यांत बाजार भरायचा. कुणाकडे गेंड्या भुंगा जास्तीचा असला तर त्याच्या बदल्यात दोन चतुर. चतुराला भाव होता, कारण तो सहज हाती लागत नाही. त्याचं बहुतेक डोकं म्हणजे डोळेच. समोरून जाळं नेलं तर तो केव्हाच निसटलेला असतो. मागून, खालच्या अंगाने झटका द्यावा लागतो. भातखाचरांच्या बांधावर त्याच्या शेपटीला दोरे बांधत मी वाढले होते, त्यामुळे त्या बाजारात माझी चांगली चालती होती.

पण किडा हातात पडला की चिठ्ठी घेणाराच लिहायचा. कॉलेजचं शेत, सोयीची एखादी तारीख. मार्क मिळायचे. मला ते तेव्हाही खटकायचं. भादव्यात ओढ्यावर धरलेला माझा चतुर दुसऱ्याच्या पेटीत फेब्रुवारीतल्या गव्हाच्या पिकावर बसलेला असे.

नोकरीला लागल्यावर छंद सुटला नाही. एका निवृत्त शिक्षकांची ओळख झाली. त्यांच्या कपाटात पुठ्ठ्याच्या डब्यांमधून शेकडो चतुर आणि टाचण्या (चतुराचेच सडपातळ भाऊबंद) होत्या, टोचलेल्या नव्हेत, पाकिटांत उभ्या लावलेल्या. जतन कसं करायचं ते त्यांनी शिकवलं. चतुर धरला की पंख पाठीवर मिटून त्याला जिवंतच कागदाच्या त्रिकोणी पुडीत ठेवायचं, म्हणजे काही तासांत पोट रिकामं होतं. मग मारून रात्रभर अॅसिटोनमध्ये. अॅसिटोन अंगातलं पाणी आणि चरबी ओढून घेतं, त्यामुळे शरीर कुजून काळं पडत नाही. लाल-पिवळे रंग पुष्कळ टिकतात. काही नरांच्या अंगावर मात्र निळसर राखेचा थर असतो. तो मेणासारखा असल्यामुळे अॅसिटोनमध्ये विरघळतो, म्हणून असे नर नुसतेच वाळवायचे. डोळ्यांचे रंग काही केल्या राहत नाहीत. जिवंतपणीचे ते हिरवे-निळे डोळे मेल्यावर तपकिरी होतात, आणि दर वेळी मला त्याचं वाईट वाटतं.

सरांच्या ओळखीने पोस्टाने अदलाबदल सुरू झाली. विदर्भातल्या तलावावरचे चतुर माझ्याकडे यायचे, माझ्याकडचे कोकणातल्या ओढ्यांवरचे तिकडे जायचे. पुडीवर गाव, तालुका, पाण्याची जागा, तारीख आणि पकडणाऱ्याचं नाव नसेल तर ती पुडी परत येई. मग नमुना कितीही देखणा असो.

हा कडकपणा किती रास्त होता, ते फ्रेझर वाचताना कळलं. एफ. सी. फ्रेझर हा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर. भारतातल्या चतुर-टाचण्यांवरचे त्याचे तीन खंड १९३३, १९३४ आणि १९३६ साली निघाले. त्याचे बरेच नमुने लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहेत. त्या खंडांत जातीचं वर्णन संपलं की ती कुठे सापडली ते येतं, आणि मी ते आधी वाचते. आज त्या ओढ्यावर जाऊन ती जात अजून आहे का हे पाहता येतं, ते कुणीतरी जागा लिहून ठेवली म्हणून.

तारखेचंही तसंच. पँटाला फ्लॅवेसेन्स हा पिवळा चतुर पावसाळ्याच्या शेवटी आपल्याकडे थव्यांनी उडतो. मालदीवमध्ये जमिनीवर गोडं पाणी जवळजवळ नाही, तरी ऑक्टोबरमध्ये तिथे हे चतुर अगणित उतरतात. तिथे राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन वर्षानुवर्षं त्यांच्या येण्याच्या तारखा टिपत राहिले. हे चतुर भारताकडून समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेला जात असावेत, असं त्यांनी २००९ साली मांडलं ते या तारखांच्या आधारावर.

परदेशातल्या एका हौशी संग्राहकाने मला पत्र लिहून सह्याद्रीतल्या टाचण्या मागितल्या होत्या. बदल्यात हवं ते द्यायला तो तयार होता. मी नाही म्हटलं. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय असे नमुने परदेशी देता येत नाहीत. २००८ साली सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय कीटक गोळा करणाऱ्या दोन चेक नागरिकांना न्यायालयाने दोषी ठरवलं, तेव्हा आमच्यातले काही हळहळले. मला तो कायदा योग्य वाटतो. ओढा इथला आहे, त्याची नोंदही आधी इथल्या माणसाच्या हाती असायला हवी.

आता सगळे फोटो काढतात आणि ते चांगलंच आहे, मीही काढते. तरी सगळ्याच जाती फोटोवरून पटत नाहीत. काही टाचण्या नराच्या शेपटीच्या टोकावरचे आकडे भिंगाखाली पाहिल्याखेरीज ओळखता येत नाहीत. २०१९ साली सिंधुदुर्गातली सेरियाग्रिऑन क्रोमोथोरॅक्स ही टाचणी शास्त्राला नव्याने माहीत झाली, त्यालाही जतन केलेले नमुने लागलेच.

सरांचे डबे आता माझ्याकडे आहेत. ते योग्य संस्थेकडे द्यायचे म्हणून सध्या एकेक चिठ्ठी वहीत उतरवते आहे. जुनी शाई पुसट झाली आहे, काही गावांची नावं बदलली आहेत, दोन गावं धरणांखाली गेली आहेत. त्यांच्यापुढे मी धरणाचं नाव लिहिते, आणि मूळ नाव तसंच ठेवते.