स्टॉक कुणाच्या शेडमध्ये?

‘ऑपरेशन्स घेतलंस? का गं, मार्केटिंग मिळालं नाही?’

एमबीएच्या दुसऱ्या वर्षी मी सप्लाय चेन घेतलं, तेव्हा मावशीपासून जिमच्या ट्रेनरपर्यंत प्रत्येकाने मला हेच विचारलं. मार्केटिंगवाले ब्लेझर चढवून जाहिरातींवर वाद घालतात, फायनान्सवाल्यांना झोपेतही बीकेसी दिसतं. आणि आम्ही? आम्ही ट्रक मोजतो, असा एकूण समज.

खरं तर हा शब्दच तसा तरुण आहे. ‘सप्लाय चेन मॅनेजमेंट’ हे नाव १९८२ मध्ये कीथ ऑलिव्हर नावाच्या कन्सल्टंटने फायनान्शियल टाइम्सच्या मुलाखतीत वापरलं आणि तिथून ते रुळलं. त्याआधी कंपन्यांत खरेदी खातं असायचं, स्टोअर्स असायचं, डिस्पॅच असायचं, आणि तिघांचं आपसात पटायचं नाही. (आताही पटत नाही, फक्त तिघं एकाच मीटिंगला बसतात.) सुरुवातीचे काही आठवडे सूत्रांचे. एका वेळी किती माल मागवावा याचं फोर्ड हॅरिसचं वर्गमुळाचं सूत्र १९१३ चं आहे, आणि परीक्षेला आजही हमखास येतं. मग डबेवाले. हार्वर्डने २०१० मध्ये त्यांच्यावर केस स्टडी लिहिली, आणि आता दादरला डबा पाहत वाढलेल्या पोरांनाही तो हार्वर्डच्या पीडीएफमधून शिकावा लागतो. असो.

या विषयाचा खरा फंडा मला कळला तो ‘बिअर गेम’मध्ये. नाव ऐकून वर्ग खूश झाला होता, पण बिअर फक्त कागदावर! एमआयटीमध्ये १९६० च्या सुमारास तयार झालेला हा खेळ. चौघांची साखळी असते: रिटेलर, होलसेलर, डिस्ट्रिब्युटर आणि फॅक्टरी. एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त ऑर्डरची चिठ्ठी पुढे सरकवायची. माल पोचायला काही आठवडे लागतात. स्टॉक पडून राहिला तर दंड, ऑर्डर तुंबली तर दुप्पट दंड. मी फॅक्टरी होते. माझ्याकडे चार पेट्यांच्या चिठ्ठ्या येत होत्या. मग बारा आली, मग वीस, मग पस्तीस. मी जीव तोडून माल काढला, आणि पुढच्या चार आठवड्यांत ऑर्डर आली शून्य, शून्य, शून्य, शून्य. होलसेलर झालेल्या मित्राशी माझं त्या दिवशी जवळजवळ भांडण झालं. शेवटी सरांनी गिऱ्हाइकाच्या चिठ्ठ्या उघड केल्या. पहिले चार आठवडे चार पेट्या, नंतर शेवटपर्यंत आठ. बस्स. एकदाच वाढ झाली होती. बाकीचं वादळ आमच्या चौघांचं.

याला बुलव्हिप इफेक्ट म्हणतात. हाऊ ली आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये त्यावर पेपर लिहिला, त्यातलं डायपरचं उदाहरण प्रसिद्ध आहे. बाळं दर आठवड्याला साधारण तितकेच डायपर खराब करतात, पण कंपनीकडे येणाऱ्या ऑर्डरी मात्र वर-खाली उड्या मारतात. चाबकाची मूठ जराशी हलली तरी टोक सपकन फिरतं.

वर्ग हसत होता. मला हसू येईना, कारण त्या टोकाला कोण बसलेलं असतं ते मला माहीत होतं. भोसरी एमआयडीसीत बाबांचा छोटा शॉप आहे. तीन सीएनसी, दोन जुने लेथ, सात माणसं. गाड्यांसाठी लागणारे बुश बनतात. वरची कंपनी ‘जस्ट इन टाइम’वाली. म्हणजे सोमवारी दोन हजारांचं शेड्यूल येणार, बुधवारी फोन येणार, ‘साडेतीन हजार लागतील’, आणि शुक्रवारी ‘या आठवड्यात थांबा’. म्हणून बाबा पंधरा दिवसांचा तयार माल क्रेटमध्ये भरून भिंतीला लावून ठेवतात. त्यांच्या गिऱ्हाइकाच्या रिसेप्शनमध्ये झीरो इन्व्हेंटरीचा चकचकीत बोर्ड आहे. इन्व्हेंटरी झीरो झालेली नाही, ती फक्त आमच्या शेडमध्ये राहायला आलीये!

मला वाटतं, सप्लाय चेन शिकवताना हा मुद्दा सगळ्यात घाईत उरकला जातो. माल नाहीसा होत नाही, तो कुणाच्या तरी पैशावर उभा असतो. गंमत म्हणजे ज्या टोयोटाचं नाव घेऊन हे सगळं चालतं, तिथली गोष्ट इतकी सोपी नाही. १ फेब्रुवारी १९९७ ला आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह टोयोटाला जवळजवळ तिथूनच येत होता आणि हाताशी साठा होता काही तासांचा. जपानमधले प्लँट बंद पडले. मग बाकीच्या पुरवठादारांनी मिळेल त्या मशीनवर तो व्हॉल्व्ह काढला, अगदी शिलाई मशीनवाल्या ब्रदर कंपनीनेसुद्धा, आणि आठवड्याभरात गाडी रुळावर आली. २०११ च्या भूकंपानंतर तर टोयोटाने पुरवठादारांना चिप्सचा दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला लावला. जस्ट इन टाइमची आई, आणि सहा महिन्यांचा साठा! पण दरवर्षी किमतीत जी कपात मागायची, तिच्यातला काही भाग टोयोटा या साठ्यापोटी परत करायची, असं २०२१ च्या चिपटंचाईत रॉयटर्सने लिहिलं होतं. आपल्याकडे पहिला भाग सगळ्यांनी उचलला. दुसरा कुणाला दिसलाच नाही.

माझी खरी गोची २०२३ च्या समर प्रोजेक्टमध्ये झाली. कंपनी बाबांच्या गिऱ्हाइकापेक्षा वेगळी, पण जात तीच. प्रोजेक्टचा विषय होता कॅश कन्व्हर्जन सायकल. गणित सोपं असतं: माल किती दिवस पडून, त्यात उधारी किती दिवस, वजा आपण पुरवठादाराचे पैसे किती दिवस अडवले. डेलचा आकडा नव्वदच्या दशकात उणे व्हायचा, तो आम्हाला देवघरातल्या मूर्तीसारखा दाखवला होता. मला सांगितलं गेलं, व्हेंडर पेमेंट साठवरून नव्वद दिवसांवर नेल्यास किती कॅश सुटेल ते काढ.

मी काढलं. आकडा सॉल्लिड होता. मग रात्री घरी येऊन दुसऱ्या शीटवर बाबांचं गणित मांडलं. महिन्याला चार लाखांची बिलं, नव्वद दिवस अडकली की बारा लाख बाहेर. बँकेच्या कॅश क्रेडिटवर अकरा टक्के, म्हणजे महिन्याला अकरा हजार व्याज. दोन महिन्यांच्या व्याजात एका ऑपरेटरचा पगार निघतो. बाबा चहा पीत शीट बघत होते. म्हणाले, ‘हे आम्हाला तोंडपाठ आहे गं. त्यांना दाखव.’

दाखवलं. प्रेझेंटेशनमध्ये लहान व्हेंडरच्या व्याजाची स्लाइड होती, ती दहा सेकंदांत पुढे सरकली. कुणी वाईट माणसं नव्हती, त्यांच्या टार्गेटमध्ये ती ओळ नव्हती इतकंच. पुढची स्लाइड कायद्याची होती. २००६ च्या एमएसएमई कायद्यात लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी मागत नाही, कारण मागितलं की पुढची ऑर्डर गेली. पण २०२३ च्या बजेटने नवीन खुंटी मारली होती. वेळेत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी इन्कम टॅक्ससाठी धरला जाणार नाही, अंमल १ एप्रिल २०२४ पासून. इथे मात्र फायनान्स हेड खुर्चीत पुढे सरकले. ‘आपले किती व्हेंडर यात येतात?’ मी आकडा सांगितला. मायक्रो आणि स्मॉल व्हेंडरना नव्वद दिवसांतून वगळायचं ठरलं. बाकीच्यांना लागलेच. आठवडाभराचं शेड्यूल बदलायचं नाही ही माझी दुसरी सूचना ‘पुढच्या फेजमध्ये पाहू’मध्ये गेली.

आता मी चाकणला एका कंपनीत प्लॅनिंगमध्ये आहे. दर सोमवारी शेड्यूल मीच पाठवते. अकराच्या सुमारास कुणीतरी फोन करतं, ‘मॅडम, आकडा फर्म आहे ना?’ आणि दर वेळी ‘हो’ म्हणता येतंच असं नाही, कारण माझ्या वरही कुणाचा तरी आकडा हलत असतो. पण मी बदल बुधवारी फोनवर सांगत नाही, मेल करते आणि बनवून झालेला माल आधी उचलायला लावते. यावरून स्टोअर्सशी माझे खटके उडतात.

मागच्या महिन्यात बाबांनी स्वतःहून विचारलं, भिंतीला किती क्रेट ठेवायचे ते तुझ्या सूत्रात बसतं का. दोन वर्षांची चलनं काढली, मागणीचा चढउतार टाकला, पंच्याण्णव टक्क्यांसाठी १.६५ ने गुणलं. उत्तर आलं नऊ दिवस. पंधराच्या जागी नऊ. बाबांनी चष्मा वर करून शीट दोनदा वाचली. मग म्हणाले, ‘बरोबर वाटतंय. पण यात एक रकाना वाढव. मागचं पेमेंट कधी आलं, त्याचा.’

वाढवलाय. अजून पहिल्या दोनच ओळी भरल्यात.