बाभळी ते बासर, काठाकाठानं

मराठवाड्याच्या वाट्याला समुद्र आला नाही. पाण्याच्या कडेनं दिवसभर चालायचं तर आम्हा नांदेडकरांना गोदावरीच गाठावी लागते. फेब्रुवारीतल्या एका सुट्टीला मी आणि एक मित्र धर्माबादजवळच्या बाभळी बंधाऱ्यापासून डाव्या काठानं तेलंगणातल्या बासरला चालत गेलो. सोबत पाण्याच्या बाटल्या, भाकरी, ठेचा आणि जानमाज.

नकाशावर अंतर किरकोळ दिसतं, पण काठावर सलग पायवाट नाही. खालच्या श्रीरामसागर धरणाचा फुगवटा इथवर चढतो आणि नाल्यांच्या तोंडांत शिरतो. पलीकडचा काठ शंभर पावलांवर दिसतो, पण तिथं जायला नाल्याच्या कडेनं पार आत जाऊन उथळ जागा शोधावी लागते. खाली काळ्या मातीचा चिखल, वर वेड्या बाभळीचे काटे. दुपारपर्यंत पाय शिशासारखे झाले.

याच पाण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालाप्रमाणे बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावं लागतं. बंधाऱ्याजवळ हरभऱ्याच्या रानात भेटलेला शेतकरी म्हणाला, "सर, पुराचं पाणी डोळ्यादेखत जातंय अन् आमी तारीख बघत बसतो."

बंधाऱ्यापासून राज्याची सीमा सुमारे ७ किलोमीटरवर आहे. मी ती शोधत होतो. गोदावरीच्या पाण्यानं वजू करून जुहर अदा केली, तेव्हा आम्ही कोणत्या राज्यात होतो कोण जाणे. जाळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला मित्रानं मराठीत वाट विचारली. त्यानं दखनीत सांगितली आणि बायकोला तेलुगूत हाक मारून आम्हाला पाणी द्यायला लावलं. १९५६ पर्यंत दोन्ही बाजू एकाच हैदराबाद राज्यात होत्या. माणसांच्या जिभेवरून ते राज्य अजून पुसलेलं नाही.

मला सीमा सापडली नाही, हे खरं. पण मी एका दिवसाचा वाटसरू. त्या शेतकऱ्याला ती दरवर्षी सापडते, त्याच्या मोटारीच्या फुटव्हॉल्व्हपाशी. आणि खालच्या गावातल्या शेतकऱ्याची नजरही त्याच १ मार्चकडे असते.

उन्हं उतरताना बासर आलं. इथल्या सरस्वती मंदिरात आईबाप लेकरांना पहिलं अक्षर गिरवायला आणतात. आमच्यात चार वर्षं, चार महिने, चार दिवसांच्या लेकराची बिस्मिल्लाह करायची रीत आहे. मी उर्दूही शिकवतो, मराठीही. एक उजवीकडून लिहायची, दुसरी डावीकडून. पहिलं अक्षर काढताना लेकराची मूठ मात्र सारखीच घट्ट असते.

स्टेशनच्या नळावर चिखल धुतला, तेव्हा तळव्यांचे फोड दिसले. नांदेडच्या गाडीला अजून तास होता. उरलेली भाकरी आम्ही तिथंच वाटून खाल्ली.