एक सिंहगड बरोबर किती भाकऱ्या?

रविवारी सकाळी सहा वाजता पुण्यातला सगळ्यात हॅपनिंग स्पॉट कुठला? एफसी रोड, कोरेगाव पार्क वगैरे विसरा. उत्तर आहे आतकरवाडी! सिंहगडाच्या पायथ्याचं हे एवढंसं गाव. नीट उजाडलेलंही नसतं आणि इथे बाइक्सच्या रांगा लागलेल्या असतात. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा... आठवडाभर एसीत बसून आखडलेलं अख्खं आयटी पब्लिक इथे उतरलेलं. कुणाचे शूज अजून खोक्याचा वास असलेले, कुणाच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. आणि दर दुसऱ्या ग्रुपमध्ये एकच विषय, ‘वजन’. एक जण दोन वेळाच जेवणारा दीक्षितवाला, दुसरी दर दोन तासांनी थोडं थोडं खाणारी दिवेकरवाली. चढ सुरू झाला की मात्र दोघंही गप्प!

कारण वाट दिसते तेवढी साधी नाही. आतकरवाडीपासून पुणे दरवाजापर्यंतचं अंतर जेमतेम पावणेतीन किलोमीटर. ऐकून हसू येतं. पण या पावणेतीन किलोमीटरमध्ये तुम्ही साडेपाचशे ते सहाशे मीटर उंची चढता. एक मजला तीन मीटरचा धरला तर हे झाले १८० ते २०० मजले. आपण ऑफिसात दुसऱ्या मजल्यावर जायला लिफ्टची वाट बघतो, बॉस! नवख्यांना सव्वा ते दीड तास लागतो. रोज येणारे साठीचे काका पाऊण तासात वर पोहोचतात, आणि तेही जुन्या कॅनव्हासच्या बुटांत. वाटेत पाठीवर वजनदार सॅक घेऊन चढणारे गिर्यारोहक भेटतात, ते हिमालयाची तयारी करत असतात. त्यांच्याशी स्पर्धा करायच्या फंदात पडू नका.

पहिल्या टप्प्यात दम लागतो, मधल्या टप्प्यात ‘कशाला आलो’ असं होतं आणि शेवटच्या टप्प्यात खाली खडकवासल्याचं पाणी चमकताना दिसतं तेव्हा सगळं माफ होतं. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे आणि मावळे याच गडाचा उभा कडा अंधारात चढून आले, आणि वर येऊन लढले. आपण उजेडात, पायवाटेने येतो आणि वर येऊन काय करतो? पहिला फोटो. दुसरी ऑर्डर.

हो, कारण वर वासच तसा असतो! चुलीचा धूर, तापलेला तवा, लसणाची फोडणी. घोंगडीवर किंवा सतरंजीवर टेकायचं, की समोर येतं वाफाळतं पिठलं, चुलीवरची भाकरी, ठेचा, फोडलेला कांदा. सोबत वांग्याचं भरीत. ‘आधी काहीतरी’ म्हणून कांदाभजी आणि ‘शेवटी काहीतरी’ म्हणून मडक्यातलं दही, वरून साखर भुरभुरलेली. मधे ताक. उन्हाळ्यात तिखटमीठ लावलेली कैरी, पावसाळ्यात भाजलेलं कणीस. घाटरस्त्याने गाडी घेऊन येणारेही हेच खातात, पण चालत आलेल्याच्या चेहऱ्यावर वेगळाच भाव असतो: ‘आपण कमावलंय!’

खरंच कमावलंय का? चला, जरा हिशोब करू. (घाबरू नका, एक्सेल शीट उघडायची नाही.)

समजा तुमचं वजन ७० किलो. एवढं वजन ६०० मीटर वर न्यायला लागणारी निव्वळ ऊर्जा शाळेतल्या फिजिक्सने काढली तर येते फक्त १०० कॅलरीच्या आसपास. पण शरीराचं इंजिन काही फार अॅव्हरेज देणारं नाही. खर्च झालेल्या ऊर्जेतला साधारण पाव किंवा त्याहूनही कमी भाग प्रत्यक्ष कामाला लागतो, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणूनच तर टी-शर्ट भिजतो! म्हणजे चढण्याचे चारशे ते पाचशे कॅलरी, उतरण्याचे दीडेकशे. गोळाबेरीज सहाशे. सोयीसाठी या सहाशेला आपण म्हणू ‘एक सिंहगड’.

आता ताट. चुलीवरची एक मोठी भाकरी सत्तर-ऐंशी ग्रॅम पिठाची, म्हणजे अडीचशे कॅलरी. दोन झाल्या की पाचशे. पिठलं दोनशेच्या आसपास, कारण बेसनासोबत फोडणीचं तेलही आहे आणि एक मोठा चमचा तेल म्हणजेच १२० कॅलरी. भज्यांची प्लेट तीनशेच्या खाली काही येत नाही. गोड दही शंभर-दीडशे. एकूण अकराशे-बाराशे. म्हणजे दोन सिंहगड! एक चढलात, दोन खाल्लेत. आकडे अंदाजाचेच आहेत, मावशींचा हात सैल असेल तर आणखी वाढतील.

आणि गंमत अजून संपलेली नाही. खाली उतरल्यावर सिंहगड रोडला ‘फक्त चहा’ म्हणून थांबून मिसळ होते. घरी आईने रविवार म्हणून खास काहीतरी केलेलं असतं. ‘एवढा गड चढून आलाय माझा बाळ’ म्हणून ताटात आणखी एक पोळी पडते. दुपारी चार तास झोप. संध्याकाळी वजनकाट्यावर उभं राहिलं की काटा जिथल्या तिथे. सकाळी उतरल्या उतरल्या पाऊण किलो कमी दिसलेलं असतं खरं, पण तो घाम होता. पाणी प्यायलात, परत आलं. चरबीचा एक किलो म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. नुसत्या सिंहगडांवर तो घालवायचा तर बारा-तेरा रविवार लागतील, आणि तेही वर आल्यावर काहीही जास्तीचं न खाता.

मग काय, भाकरी बंद? छे! सिंहगडावर जाऊन प्रोटीन बार चघळणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. उलट पिठलं-भाकरी हा त्या ताटातला सगळ्यात शहाणा भाग आहे. बेसनातली प्रथिनं, भाकरीतला चोथा... दुपारी तीनपर्यंत पोट ओरडत नाही. गडबड एवढीच होते की ते पूर्ण जेवण आहे आणि आपण ते नाश्ता म्हणून खातो. साडेआठला गडावर एक जेवण, दीडला घरी दुसरं. गडावरच्या ताटाला जेवणाचा मान द्या. घरी आधीच सांगून ठेवा, ‘आई, आज मी जेवूनच येतोय.’ दुपारी एखादं फळ, वाटीभर ताक, बस. भज्यांची प्लेट चौघांत एक. दही घ्यायचं तर बिनसाखरेचं मागा, मिळतं.

बाकीचे सहा दिवस जास्त महत्त्वाचे, आणि तिथे हे माप फार कामाला येतं. ऑफिसात दिवसाला चार चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. नुसत्या साखरेचेच रोजचे दीडशेच्या आसपास कॅलरी. सोमवार ते शुक्रवार मिळून एक अख्खा सिंहगड, वर थोडं आणखी! वडापाव अर्धा सिंहगड. शुक्रवारची बिअरची मोठी बाटली, जवळजवळ अर्धा. सोबतचा मसाला शेंगदाणा वेगळा. म्हणजे साखर सोडलेला माणूस पायथ्याशी झोपून राहिला तरी आठवड्याला एक गड चढून येतो.

तरीही चढायचंच. कारण चढण्याचे फायदे काट्यावर दिसत नाहीत. महिन्याभराने त्याच चढाला कमी धाप लागते, मांड्यांत बळ येतं, रविवारी रात्री झोप अशी लागते की सोमवारचं टेन्शनही येत नाही. कमी केलेलं वजन परत चढू नये म्हणूनही व्यायाम लागतोच. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करा म्हणते. त्यातला मोठा वाटा एका रविवारी उरकतो, उरलेला रोज थोडं चालून भरून काढता येतो. वजन फारच जास्त असेल किंवा गुडघे कुरकुरत असतील तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. चढताना दम काढतो तो गड, उतरताना गुडघे काढतो.

जायचं कसं? पुण्यातून पीएमपीची बस पायथ्यापर्यंत जाते. उन्हाळ्यात सातच्या आत चढायला लागा, नंतर वाटेवर सावली शोधावी लागते. पावसाळ्यात निसरडं असतं, ग्रिप गेलेले शूज घरीच ठेवा. दोन लिटर पाणी, एक टोपी, आणि कचरा परत आणायला एक पिशवी. शक्य असेल तर शनिवारी जा. रविवारी अर्धा वेळ पुढच्या ग्रुपच्या पाठी बघण्यात जातो.

आणि ऑर्डर देताना ठाम राहा. मागच्या खेपेला मी म्हटलं, ‘मावशी, एकच भाकरी द्या.’ तव्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, ‘एका भाकरीनं काय व्हतंय लेकरा? एवढा चढून आलास!’ मी एकच घेतली. त्यांनी ती नेहमीपेक्षा मोठी थापली होती.